चाकं अधांतरी असताना आवळलेले बोल्ट

आबांना पॅरालिसिस झाला त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी उद्या, आणि राग आला की तोच शब्द तीन-चारदा, एकापाठोपाठ. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की त्यांना सगळं कळतं, डोकं शाबूत आहे, फक्त शब्द सापडत नाहीत. जो आधी हाताशी येतो तोच बाहेर पडतो. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं होतं, ते आज लिहून टाकते.

माझे वडील साखर कारखान्याच्या वाहन विभागात फिटर होते. बेलापुरात त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, आणि राहात्याकडचे लोकसुद्धा जीप बिघडली की त्यांचं घर विचारत यायचे. रविवारी आमच्या अंगणात कुणाची ना कुणाची गाडी उघडलेली असायची. आबा गाडीखाली आडवे आणि मी बाजूला उकिडवी बसलेली, हत्यारं द्यायला. मला भाऊ नव्हता. तो नाही याची आठवण आबा दर रविवारी करून द्यायचे.

गाडीखालून हात बाहेर यायचा आणि नंबर ऐकू यायचा. योग्य पाना हातात पडला तर काहीच नाही. चुकीचा पडला तर तो सरळ कुंपणापलीकडच्या बाभळीत भिरकावला जायचा, आणि तो शोधून आणणं माझं काम. अकरा वर्षांची असताना एकदा, मे महिन्यात, मी चौदाच्या जागी तेराचा पाना दिला. आबा गाडीखालून बाहेर आले. त्यांनी तो पाना माझ्या तळहातावर ठेवला, हात सरळ पुढे करायला लावला आणि मला अंगणाच्या मधोमध उन्हात उभं केलं. काम संपेपर्यंत हात खाली यायचा नाही. जीपचा मालक सावलीत चहा पीत बसला होता. आधी तो हसला, मग त्यानं मान फिरवली. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि आत गेली. काम संपायला बराच वेळ लागला. रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, “पोरगा असता तर एव्हाना गिअरबॉक्स उघडला असता.”

वर्षभरात मला सगळी हत्यारं डोळे मिटून ओळखता यायला लागली. आबांनी ते कधी लक्षात घेतलं नाही. मी चुकत नव्हते, त्यामुळे मी तिथं आहे हेच त्यांना जाणवेनासं झालं. पण मी गाडीखाली काय चाललंय ते बघत होते, ऐकत होते, आणि ते मदतनिसांना शिव्या देत जे शिकवायचे ते सगळं माझ्याही कानात जात होतं.

पुढं मी शिक्षिका झाले. लग्न झालं, ते टिकलं नाही, मी बेलापूरला परत आले. आई गेली. नेवासा तालुक्यातल्या एका शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. आबा तेव्हा धडधाकट होते. गाडीभोवती एक फेरी मारून ते शेजारच्या काकूंना म्हणाले, “बाईमानसाला काय कळतंय, रंग बघून घेतली.” मी तिथंच होते. मला उद्देशून ते एक अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना झटका आला. आता त्यांना आंघोळ घालायची मी, भरवायची मी, आणि आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी श्रीरामपूरला न्यायची तेही मीच, त्याच गाडीतून.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांखाली खचतात. त्या वर्षी गाडीच्या मागच्या बाजूनं आवाज यायला लागला. गतिरोधक आला की ठक. खड्डा आला की ठक-ठक. शेजारच्या सीटवर बसलेले आबा प्रत्येक ठोक्याला डाव्या हाताची चापट मांडीवर मारायचे. मग अंगठा खांद्यावरून मागं दाखवून म्हणायचे, उद्या. काय बिघडलंय ते त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, मी खाली वाकून बघितलंच होतं. मागच्या आसाला गाडीच्या अंगाशी जोडणारे दोन लोखंडी दांडे असतात. त्यांच्या टोकांना रबराचे बुश बसवलेले असतात, म्हणजे बाहेर लोखंडी कडं, मध्ये नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. त्या रबराला भेगा पडून ते सुटलं होतं आणि लोखंड लोखंडावर आपटत होतं.

गॅरेजला टाकता आली असती. पण मला ते काम घरी करायचं होतं, आबांच्या अंगणात, आबांसमोर.

श्रीरामपूरहून चार नवे बुश आणले. हत्यारं घरातच होती, आबांच्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवलेली. आजारी पडल्यापासून ती पेटी उघडली नव्हती. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. रोज आंघोळ घालताना ती माझ्या हाताला लागायची. त्या रविवारी सकाळी अंग पुसून झाल्यावर मी गाठ सोडायला लागले. आबांनी डाव्या हातानं किल्ली मुठीत धरली. मी त्यांची बोटं एकेक करून उलगडली. करंगळीपासून सुरुवात केली, तिच्यात जोर सगळ्यात कमी असतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी किल्लीकडे.

मग त्यांना पांढरा सदरा घातला, खुर्चीत बसवून लिंबाखाली आणलं आणि खुर्ची गाडीकडे तोंड करून ठेवली. पाने एका ताटात मांडून ते ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकू भिंतीपलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, बरं केलंस, त्यांचा जीव रमेल.

जॅकनं गाडीचा मागचा भाग उचलला, अंगाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली. आस मोकळा खाली लोंबकळत राहिला. मी पोतं अंथरलं, ओढणी कमरेला बांधली आणि खाली सरकले. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच डिझेल सोडून ठेवलं होतं. खालून हात बाहेर काढला आणि म्हटलं, “आबा, सतरा.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ताटात पान्यांची चाळवाचाळव ऐकू आली, खुर्ची कुरकुरली, आणि माझ्या हातावर पाना आला. सतराच होता. मी खालून बघितलं तर आबा खुर्चीतून बरेच पुढं वाकले होते आणि त्यांच्या तोंडाच्या चालत्या बाजूला काहीतरी हसण्यासारखं होतं. दुसऱ्यांदा मागितला तेव्हाही बरोबर पाना आला, ह्या खेपेला लवकर. काकू म्हणाल्या, बघ, कसे रंगलेत.

मी तिथं थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी चौदा मागितला आणि तो त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर पडला.

“चुकलात की ओ,” मी म्हटलं. “हात पुढं करून उन्हात उभं करू का तुम्हाला?”

काकूंना वाटलं मी चेष्टा करतेय. त्या हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं जे काही होतं ते गेलं आणि हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला. त्यांना तो मे महिना आठवत होता. इतकी वर्षं मला वाटायचं, ते विसरले असतील. त्यांच्या डोळ्यांत बघून मला कळलं की ते विसरले नव्हते, आणि ते कळल्यावर माझा राग उतरायच्या ऐवजी चढला.

पुढचे पाने मी त्यांच्या मांडीवरून स्वतःच घेतले.

काम मी चांगलं करत होते, हे सांगायला हवं. दोन्ही दांडे एकदम काढले नाहीत. आधी डावा, मग उजवा, म्हणजे आस जागचा हलत नाही. जुने बुश व्हाइसच्या शिकंज्यात धरून, मागं मोठा आणि पुढं छोटा सॉकेट लावून दाबून काढले. एक अडकून बसला होता, त्याचं कडं करवतीनं कापून छिन्नीनं सोडवलं. नव्यांना साबणाचं पाणी लावून, वाकडे जाऊ न देता सावकाश बसवले. आबा प्रत्येक गोष्ट बघत होते. करवत कड्याच्या आतून किती खोल न्यायची आणि दांड्याला ओरखडा येण्याआधी कुठं थांबायचं, हे मी बरोबर केलं तेव्हा त्यांनी मान हलवली. तशी मान आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी कधी हलवली नव्हती. मी ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

दुपार झाली होती. दांडे जागेवर गेले, बोल्ट हातानं फिरवून बसवले. आता फक्त आवळायचं होतं.

ह्या ठिकाणी एक गोष्ट असते. हे बोल्ट चाकं अधांतरी असताना पक्के आवळायचे नसतात. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवायची, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्यायचं, आणि मग आवळायचे. आधीच आवळले तर रबर त्या लोंबकळत्या अवस्थेत धरलं जातं. गाडी खाली उतरली की ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं. मला हे बाराव्या वर्षापासून माहीत होतं. ह्याच चुकीसाठी आबांनी कारखान्यातल्या एका मदतनिसाला आमच्या अंगणात कानशिलात मारलेली मी बघितली होती.

मी पाना बोल्टावर चढवला आणि त्याच्या दांड्याला पाईप लावला, जोर मिळावा म्हणून.

“उद्या,” आबा म्हणाले.

“उद्या माझी शाळा आहे. आजच होईल.”

“उद्या. उद्या.” त्यांनी हात वर केला आणि पंजा पालथा करून सावकाश खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. लहान मुलालाही कळलं असतं की गाडी खाली घे म्हणतायत. मी त्यांच्याकडे बघत पाईपवर वजन टाकलं. बोल्ट करकरला आणि पक्का झाला.

“काय म्हणतायत गं?” काकूंनी विचारलं.

“दमले असतील,” मी म्हटलं. “आत न्या म्हणत असतील.”

दुसरा बोल्ट आवळला. आबा खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होते आणि तो एकच शब्द मोठ्यानं, फाटक्या आवाजात म्हणत होते. ताट खाली पडलं, पाने सांडले. तिसऱ्या बोल्टाला मी उजव्या बाजूला गेले, तेव्हा मला ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. मग आवाज थांबला आणि काहीतरी जड जमिनीवर पडलं. काकू ओरडल्या.

आबा खुर्चीतून पडले नव्हते. ते उतरले होते. डाव्या कोपरावर भार देऊन, मेलेला पाय मागं ओढत ते फरशीवरून गाडीकडे येत होते. सदरा मातीनं भरला होता. ते माझ्यापासून दोन हातांवर आले, हात लांब करून त्यांनी चाक बसवायच्या थाळीखाली पंजा घातला आणि गाडी जमिनीवर असताना असतो तेवढा आस वर उचलायला लागले. त्यांच्या अंगात तेवढा जोर नव्हता. ते उचलत होते आणि माझ्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रागाचं होतं की दुसरं कशाचं, हे मी नक्की सांगू शकत नाही.

काकू फाटकाकडून धावत येत होत्या. चौथा बोल्ट राहिला होता. तो मी आवळला आणि मग गाडीखालून बाहेर आले.

आम्ही दोघींनी त्यांना उचलून आत नेलं. कोपर सोलवटलं होतं. त्यांना शुगर होती, ती जखम भरायला दीड महिना लागला. रोज मीच पट्टी बदलायची. बघायला आलेले लोक म्हणायचे, पोटचा पोरगा करणार नाही एवढं करते.

ते बोल्ट सैल करून, गाडी उभी करून पुन्हा आवळायला फार तर अर्धा तास लागला असता. त्या संध्याकाळी मी ठरवलं की पुढच्या रविवारी करू. पुढच्या रविवारी केलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नंतर मी ठरवणं सोडून दिलं.

गाडीचा आवाज मात्र गेला होता. व्यायामाला नेताना गतिरोधकावरून गाडी अलगद उतरायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी आबांना विचारलं, गेला ना आवाज? ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गणपती येऊन गेले आणि आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. ह्या वेळी मी गाडी नेवासा रस्त्यावरच्या एका गॅरेजला नेली. व्यायामाचा दिवस होता, म्हणून आबाही गाडीतच होते. गॅरेजवाला पूर्वी कारखान्यात आबांच्या हाताखाली होता. कानशिलात खाल्लेला तो हाच. गाडी उचलण्याआधी त्यानं आबांचे पाय शिवले. मागची बाजू वर घेऊन तो बॅटरी घेऊन खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

“ताई, ह्ये कुनी केलं?” त्यानं खालूनच विचारलं.

“घरीच केलं.”

“बुश नवंच हायेत. पन चाकं वरती असतानाच आवळल्यात. पार पिळून फाटलंय रबर.” तो बाहेर आला, हात पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मिस्त्रींनी सांगून करून घेतलं असंल ना?”

पुढच्या सीटची काच उघडी होती. आबा सगळं ऐकत होते. मी नाही म्हणायला हवं होतं, एका शब्दाचं काम होतं. मी बोलले नाही.

गॅरेजवाला खिडकीशी गेला, वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, “मिस्त्री, ह्याच चुकीपायी तुमी माझा कान फोडला हुता. आता तुमीच इसरायला लागले व्हय? असू द्या. वय झालं.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं आबांच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. आजूबाजूला काम करणारी दोन-तीन माणसं आमच्याकडे बघत होती.

आबांनी आधी त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे. कितीतरी वेळ बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, “उद्या.”

“काय म्हनत्यात?” गॅरेजवाल्यानं विचारलं.

“पाणी मागतायत,” मी म्हटलं.

त्यानं पाण्याची बाटली आणून दिली. आबांनी ओठ मिटून घेतले.

त्या दिवसानंतर ते माझ्याशी तोही शब्द बोलले नाहीत. काकू आल्या की त्यांच्याशी बोलायचे, पोस्टमनशी बोलायचे, दारात आलेल्या गाईलाही उद्या म्हणायचे. मी समोर आले की गप्प. तहान लागली तरी मागायचे नाहीत. मी ग्लास पुढं केला तर प्यायचे. आम्ही असे तीन महिने काढले. थंडीत त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले.

तेराव्यानंतर गॅरेजवाला भेटायला आला. ओट्यावर बसून तो आबांच्या गोष्टी सांगत होता. नुसत्या आवाजावरून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगायचे, असा हात पुन्हा होणार नाही, म्हणाला. मग म्हणाला, शेवटचं काम तेवढं बिघडलं, पण ते धरायचं नाही.

मी म्हटलं, “ते मी केलं होतं. आबा नको म्हणत होते. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम अधांतरीच आवळले.”

त्याचे डोळे भरून आले.

“राहू द्या ताई,” तो म्हणाला. “बापाची चूक लेकीनं आपल्या अंगावर घ्यायची, ह्ये फक्त लेकच करू शकती.”

मी पुन्हा सांगितलं. कुठल्या बोल्टाच्या वेळी आबा खुर्चीतून उतरले तेही सांगितलं. तो मान हलवत होता, दुःखात असलेल्या माणसाचं ऐकून घेताना हलवतात तशी. काकू शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांनी सगळं बघितलं होतं.

“उतरले होते, खरं आहे ते,” काकू गॅरेजवाल्याला म्हणाल्या. “अर्ध्या अंगानं फरशीवर सरपटत गेले पोरीच्या मदतीला. तिच्याच्यानं ते लोखंड वर उचललं जात नव्हतं ना.”

गॅरेजवाल्यानं रुमालानं डोळे पुसले. मी चहा टाकायला आत गेले.